पैसे घेतले म्हणून पाहुणचार खोटा ठरत नाही

परदेशात कुणाच्या घरी पैसे मोजून उतरणं म्हणजे जिव्हाळा विकत घेण्याची हौस, हे मत हल्ली वारंवार कानावर येतं. ते मांडणारी माणसं भरपूर फिरलेली, वाचणारी, विचार करणारी असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं: पाहुणचार ही मनापासून करायची गोष्ट, तिला दर लागला की ती धंद्यात जमा होते. डोंगरातल्या गावात हार घालून स्वागत करणाऱ्या बायका तुम्हाला ओळखत नाहीत, रात्री अंगणात होणारा नाच तुमच्यासाठी बसवलेला असतो, आणि घरातली माणसं स्वतःच्याच घरात अंग चोरून वावरत असतात. त्यापेक्षा हॉटेल बरं. पैसे द्यावेत, किल्ली घ्यावी, कुणी कुणावर माया दाखवण्याचा प्रश्नच येत नाही.

यातली काळजी मला समजते. पैसेवाल्या पाहुण्याने गरीब घराचं प्रदर्शन करू नये, हे कुणालाही पटेल. पण या साऱ्या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की जिथे पैसा आला तिथून माया गेली. ते मला साफ नामंजूर आहे. ते चुकीचं तर आहेच, आणि त्याचा भार शेवटी चुलीपुढे बसलेल्या बाईवर पडतो हे त्याहून वाईट.

आधी आपल्याकडचं पाहू. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नरसोबाची वाडी इथे आपल्या आज्या-पणज्या कुठे उतरत? क्षेत्रोपाध्यांच्या घरी. त्यांच्या वह्यांमध्ये आपल्या घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असायच्या. उपाध्यांच्या घरातल्या बायका पाणी तापवून द्यायच्या, पानं मांडायच्या, आजारी म्हातारीला मऊ भात करून घालायच्या. निघताना उतरलेली माणसं दक्षिणा आणि शिधा देत. तो व्यवहार होता, दोन्ही बाजूंना ठाऊक होता, आणि तरी त्या घरांशी आपली तीन-तीन पिढ्यांची ओळख टिकली. शिकायला पुण्यात आलेल्या मुलांना महिन्याचे पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या खानावळीच्या काकूंची आठवण काढताना आजही मोठमोठ्या माणसांचा आवाज जड होतो. काकूंनी पैसे घेतले होते, हे त्यांना कधी आडवं आलं नाही.

आजचं उदाहरण हवं तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं घ्या. समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात जाताना पाहायला शहरातून माणसं जातात आणि गावकऱ्यांच्या घरी पैसे देऊन राहतात. वेळासहून परतलेल्या कुणालाही विचारा. तो कासवांइतकंच घरातल्या वहिनींच्या हातच्या मोदकांबद्दल बोलेल. तिथे आपल्याला काही खोटं वाटत नाही. मग तीच गोष्ट नेपाळमधल्या लमजुंगमध्ये किंवा क्युबातल्या हवानामध्ये घडली की ती नाटकी कशी होते? मला वाटतं, त्या लोकांची माया ओळखण्याची सवय आपल्याला नसते, आणि ओळखता न आलेल्या गोष्टीला आपण खोटी ठरवून मोकळे होतो.

आता फुकट पाहुणचाराचं बोलू, कारण विरोधी बाजूचा सगळा भर त्यावर आहे. या क्षेत्रात मोठं काम झालं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1949 मध्ये, बॉब लुइटवायलर या युद्धविरोधी अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये जी चळवळ सुरू केली तिचं पुढे ‘सर्वास’ झालं. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशातल्या घरी दोन रात्री राहील, त्यांच्याबरोबर जेवेल, बोलेल, आणि पैशाची देवघेव होणार नाही, अशी तिची रीत. तिच्या मुळाशी गांधीजींच्या विचाराचा वाटा होता. त्याही आधी, 1932 मध्ये, डोनाल्ड वॉट यांनी अमेरिकन मुलांना युरोपात नेऊन तिथल्या मुलांबरोबर ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. छावणीत राहण्यापेक्षा घरात राहिल्याने मुलं अधिक शिकतात, हे लवकरच लक्षात आलं. त्या प्रयोगात तरुणपणी सहभागी झालेले सार्जंट श्रायव्हर पुढे 1961 मध्ये अमेरिकेच्या पीस कोअर या परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक झाले, आणि पीस कोअरचे स्वयंसेवक अनेक देशांत सुरुवातीचे आठवडे गावातल्या कुटुंबात काढतात. त्या कुटुंबांना खर्चासाठी पैसे दिले जातात. त्यामुळे ती कुटुंबं कमी आपलेपणाची झाल्याचं कुणी म्हणत नाही.

पण परक्याला फुकट ठेवून घेणं कुणाला परवडतं, हेही विचारायला हवं. ज्याच्याकडे एक खोली मोकळी आहे, महिन्याचा पगार आहे, दोन माणसांचं जेवण वाढलं तरी ज्याचा महिना कोलमडत नाही, त्याला. फुकट पाहुणचार हाच खरा असं ठरवलं, तर परदेशातली फक्त सुस्थित घरं आपल्याला उघडी राहतात आणि गरिबांना यजमान होण्याची सोयच उरत नाही. त्यांना आपण रस्त्यावरून पाहायचं, फोटो काढायचे, आणि रात्री हॉटेलात परतायचं. हा अधिक नैतिक मार्ग आहे, असं मला कुणी पटवून दिलेलं नाही. शिवाय फुकटच्या वाटेवरही पैसा आलाच. अनोळखी प्रवाशांना घरी फुकट उतरवून घेणाऱ्यांशी जोडून देणारं, 2004 मध्ये सुरू झालेलं काउचसर्फिंग हे संकेतस्थळ काही वर्षं देणगीवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टावर चाललं. 2011 मध्ये त्याची नफ्यासाठीची कंपनी झाली आणि 2020 मध्ये अनेक देशांतल्या सदस्यांना वर्गणी लागू झाली. म्हणजे आपला सोफा देणाऱ्याला छदाम नाही आणि मधल्या दलालाला उत्पन्न! यापेक्षा पाहुण्याने घरच्या बाईच्या हातात पैसे ठेवणं मला शंभरदा सरळ वाटतं.

घरच्या बाईच्या हातात, हे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे पाहुण्यांना देव मानायची थोर परंपरा आहे असं आपण म्हणतो. ती परंपरा माजघरात कुणी ओढली? बैठकीत ‘जेवूनच जा’ म्हणणारा वेगळा आणि त्यासाठी पुन्हा कणीक भिजवणारी वेगळी. तिला कुणी विचारलं नाही, तिच्या वेळेचा हिशेब झाला नाही, पाहुणे गेल्यावर उरलेल्या भाजीत तिचं जेवण झालं. ज्या पाहुणचाराला आज शुद्ध आणि निरपेक्ष म्हटलं जातं, तो बहुतेक वेळा बायकांच्या बिनपगारी कष्टावर उभा होता. म्हणून त्या कष्टाला पैसा मिळाला की काहीतरी पवित्र भंगलं, असा सूर ऐकला की मला राग येतो.

नेपाळमधल्या गावांचं मला जवळून माहीत आहे, म्हणून तिथलं सविस्तर सांगते. पोखऱ्याच्या दक्षिणेला स्याङ्जा जिल्ह्यात सिरुबारी नावाचं गुरुंग लोकांचं गाव आहे. 1997 च्या सुमारास या गावाने सामुदायिक होमस्टे सुरू केला. गावात लष्करातून निवृत्त झालेली माणसं बरीच, दगडी घरं नीटनेटकी, पण तरुण मुलं बाहेर. पुढे 2010 मध्ये नेपाळ सरकारने होमस्टेसाठी नियमावली केली. सामुदायिक होमस्टे म्हणून नोंद करायची तर निदान पाच घरं एकत्र यावी लागतात. सिरुबारीनंतर लमजुंगचं घलेगाव, चितवनच्या जंगलालगतचं थारू आणि बोटे लोकांचं अमलतारी, बर्दियातलं डल्ला अशी कितीतरी गावं या वाटेने गेली.

या पद्धतीत पाहुणा घर निवडत नाही. गावाची समिती ठरवते, पाळीने. दर सगळ्या घरांना सारखा, आणि त्यातला ठरलेला भाग गावाच्या फंडात जातो. लमजुंगच्या बेसीसहरहून जीपने चढून गेलं की लागणाऱ्या अशाच एका गुरुंग गावात मी राहिले आहे. आमच्या आधी एक जोडपं पोचलं होतं. त्यांना रस्त्याकडेचं, सज्जा असलेलं, हिमशिखरं समोर दिसणारं घर हवं होतं आणि त्यासाठी ते दुप्पट पैसे द्यायला तयार होते. समितीच्या सचिवाने वही उघडली, बोट फिरवलं आणि खालच्या आळीतल्या एका विधवेच्या घराचं नाव सांगितलं. आज त्यांची पाळी आहे, एवढंच तो म्हणाला. सज्जावाल्या घराचा मालक शेजारीच उभा होता, तोही काही बोलला नाही. ज्यांना हा सगळा बाजार वाटतो त्यांनी सांगावं, कुठल्या बाजारात दुप्पट भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला असं परत पाठवतात?

आमच्या घरच्या दिदी पन्नाशीच्या. मुलगा कतारला, सून पोखऱ्यात नोकरीला, घरात म्हातारे सासरे. ते भारतीय लष्करात होते, त्यामुळे हिंदीत बोलणं सोपं गेलं. नेपाळच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा परदेशी गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशातून येतो. तो आकडा काय असतो ते अशा घरात कळतं. भिंतीवर मुलाचा फोटो, त्याने पाठवलेल्या पैशातून आलेलं पत्र्याचं छप्पर, आणि गोठ्यात एकट्या बाईला आवरतील एवढीच जनावरं.

संध्याकाळी त्या चुलीपाशी ढिंडो करत होत्या. ओदानावर, म्हणजे लोखंडी तिवईवर, कढईत पाणी खळखळत होतं. त्यात त्या मुठीने नाचणीचं पीठ सोडत आणि लाकडी पळीने दोन्ही हातांनी घोटत. पीठ घट्ट होऊन पळीला ओढायला लागलं की खांदा वाकवून जोर लावायचा, कडेने सुटून गोळा फिरायला लागला की उतरवायचं. बरोबर गुंद्रुकची आमटी, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची. मी पळी मागितली. त्यांनी दिली, थोडा वेळ पाहिलं, आणि हसून परत घेतली, कारण पीठ खाली लागायला आलं होतं. ‘बहिनी, तुम्ही बसा’ म्हणाल्या.

जेवताना मी त्यांना विचारलं, अनोळखी माणसं घरात येतात, त्यांच्याकडून पैसे घेताना अवघड वाटत नाही का? त्यांनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या वादाचं उत्तर वाटतं. त्या म्हणाल्या, ‘पाहुणे पूर्वीही यायचे. सरकारी माणसं, शाळेचे साहेब, कुणाचे तरी नातेवाईक. भात शिजवायचाच. तांदूळ कुठून येतो, हे कुणी कधी विचारलं नाही.’ आता त्या पैशातून त्यांनी नातीची कॉलेजची फी भरली होती आणि शौचालय बांधलं होतं. ते पाहुण्यांसाठी बांधलं, पण वापरतं सगळं घर. फीच्या पावतीबद्दल सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला कुणी ढोंग म्हणेल तर मी ते ऐकून घेणार नाही.

सकाळी निघताना त्यांनी टिका लावला. तो सगळ्यांनाच लावतात, हे मला माहीत आहे. आपल्याकडे सवाष्णीला हळदकुंकू लावतात तेही सगळ्यांनाच लावतात.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला क्युबात वेगळ्या रूपात दिसते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे अन्नाची आणि इंधनाची भीषण टंचाई आली. 1997 मध्ये सरकारने घरातल्या खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायला कायदेशीर परवानगी दिली. पाहुणे आले नाहीत तरी दर महिन्याला ठरलेला कर भरावा लागे, आणि प्रत्येक पाहुण्याची नोंद सरकारी वहीत करावी लागे. त्या काळात एका रात्रीचं भाडं सरकारी डॉक्टरच्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जायचं. अशा घरात सकाळी पपई, पेरू, अंडी आणि कडक कॉफी मांडली जाते, आणि पुढच्या गावी जाताना यजमानीण तिथल्या आपल्या ओळखीच्या घरी फोन करून तुम्हाला पाठवते. पैशाची निकड आणि आपुलकी एकाच टेबलावर असतात. गरज असलेल्या माणसाची आपुलकी संशयास्पद मानायची आणि गरज नसलेल्याची निर्मळ, हा न्याय कुठला?

राहिला नाचाचा आक्षेप. गुरुंग गावांत पूर्वी रोधी असायची. तरुण मुलं-मुली संध्याकाळी एका घरी जमून गात, नाचत, काम करत. तरुण बाहेर गेले तशी ती विरली. आज पाहुण्यांसमोर जे सादर होतं ते त्याचं लहानसं रूप. घाटू नाचाचं मूळ बैशाख पौर्णिमेच्या विधीत आहे आणि पाहुण्यांना त्याचा एखादा तुकडा दाखवतात. हे खरं आहे आणि गावकरी ते लपवत नाहीत. पण समोर पैसे देणारा प्रेक्षक आहे म्हणून कला खोटी, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. तमाशाचं तिकीट काढूनच आपण लावणी पाहिली, दशावतारी मंडळी मानधन घेऊनच रात्रभर उभी राहिली. ज्या घरात मी होते तिथे नाचून आलेल्या बायका नंतर परसात बसून स्वतःसाठी पुन्हा गायल्या, आणि तेव्हा आम्हा पाहुण्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि ज्या हॉटेलला प्रामाणिक म्हणतात, तिथे काय घडतं? तिथलाही माणूस हसतो, कारण हसण्याचा पगार असतो. आपले पैसे मालकाकडे जातात, ज्याने चादर बदलली त्याचं नावही आपल्याला कळत नाही. आपल्याकडच्या मोठ्या गटांच्या सहलींबरोबर तर स्वयंपाकी महाराजही जातात. काठमांडूत पोहे, पोखऱ्यात पुरणपोळी, मुक्तिनाथच्या वाटेवर पिठलं-भाकरी. म्हाताऱ्या, पथ्याच्या माणसांची ती सोय आहे आणि ती असावी. पण धडधाकट, हिंडत्या-फिरत्या वयाची मराठी माणसं नेपाळ पाहून येतात आणि नेपाळी घरातला एक घासही त्यांच्या पोटात गेलेला नसतो. शाकाहाराची अडचण सांगतात, तर त्या देशाचं रोजचं जेवण डाळ, भात आणि तरकारी आहे. नाचणी तर आपल्या कोकणातही पिकते. अवघडलेपण सांगतात, ते खरंच असतं. परक्या घरात पहिल्या रात्री कुठे बसावं, पाणी कुठून घ्यावं, कळत नाही. ते अवघडलेपण यजमानांच्या वाट्यालाही येतं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून सैल होतं. दोन रात्री राहावं ते यासाठी. एका रात्रीत फक्त फोटो होतात.

टीका करायचीच असेल तर करण्याजोग्या जागा आहेत, आणि जिव्हाळ्याच्या शुद्धतेवर वाद घालणारे नेमके तिथे गप्प असतात. पाळी येते ती यादीतल्या घरांना. यादीत यायचं तर जादा खोली, गाद्या, शौचालय हवं, म्हणजे हाताशी थोडा पैसा हवा. सगळ्यात गरीब घर बाहेरच राहतं. बाईच्या हातात पैसा आला तरी तिचं काम कमी होत नाही. पाहुण्यांचं आवरून ती शेतात जाते. शिवाय जातीचा प्रश्न आहेच. नेपाळमध्ये 1963 च्या मुलुकी ऐन या कायद्याने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला, 2011 च्या कायद्याने अस्पृश्यता हा गुन्हा ठरवला, तरी अनेक गावांत दलितांची घरं होमस्टेच्या यादीत नाहीत. पाहुण्यांच्या स्वागताला वेशीवर पंचे बाजा वाजतो, तो परंपरेने दमाई या दलित जातीचे लोक वाजवतात. तुमच्या आगमनाची सनई ज्याने वाजवली त्याच्या घरी तुम्हाला उतरवत नाहीत.

मी त्या सचिवाला हे विचारलं. तो भला माणूस होता, त्याने टाळलं नाही. काही घरांची तयारी नाही, काहींना गावातले जुने लोक अडवतात, असं म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, ‘आणि पाहुणेही विचारतात, घर कुणाचं आहे. गोरे विचारत नाहीत. तुमच्याकडचे विचारतात.’

याला उत्तर हॉटेलात जाऊन देता येत नाही. गावी जाण्याआधी समितीला फोन करून सांगावं लागतं, की आम्हाला कुठलंही घर चालेल, दमाईचं असेल तर तेही, आणि त्यांची पाळी यादीत नसेल तर ती का नाही ते आम्ही आल्यावर विचारणार आहोत. पुढच्या खेपेला मी त्या गावी जाईन तेव्हा सनई वाजवणाऱ्यांच्या घरी जागा मागणार आहे, आणि समितीने ठरवलेला पूर्ण दर त्या घरच्या बाईच्या हातात देणार आहे.